पाकट आणि पतंग श्वास कुठून घेतात

साहेब, खिडकी तुम्ही बंद करायला लावलीत. आधी खिडकी बंद केलीत, मग प्रकरण बंद केलंत. दोन्ही कागदांवर सही तुमचीच आहे.

मी विचारलं होतं त्याला तुमचं उत्तर मिळालं. चार ओळींचं. "सदर कर्मचाऱ्याने आपली चूक लेखी मान्य केलेली आहे. खोलीतील हवेबाबत त्यांची कोणतीही लेखी तक्रार या कार्यालयात नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे." सदर कर्मचारी म्हणजे माझी ताई. तुमच्या संग्रहालयात एकतीस वर्षं मेलेल्या जिवांना जिवंतासारखं उभं करत बसलेली बाई. तुमच्या दालनात घुबड मान वळवून बघतंय ना, ती मान तिनं वळवलेली आहे. लेखी तक्रार नाही म्हणता. बरोबर आहे, नाही. का नाही ते आता मी लिहून देतो. मी सुतार माणूस, माझी भाषा साफ नाही. ठेच लागली तर लागू दे.

तुम्ही मागच्या खोलीत किती वेळा आलात? मी मोजून दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा नाकाला रुमाल लावून. म्हणून खोली सांगतो. तीन पायऱ्या उतरून आत जायचं. मधे पत्रा मारलेलं लांब टेबल. डावीकडे ओलं काम, म्हणजे मासे, बेडूक, साप, सगळे फॉर्मलिनच्या, म्हणजे मेलेलं अंग टिकवणाऱ्या औषधाच्या, टाक्यांत आणि बरण्यांत. उजवीकडे कोरडं काम, म्हणजे किडे, फुलपाखरं, पतंग. टेबलाच्या वर एकच खिडकी, साखळी ओढून उघडायची. त्या औषधाच्या वाफेनं नव्या माणसाचे डोळे पाच मिनिटांत भरून यायचे. ताई म्हणायची, "घे, रडून घे एकदाचं, मग कामाला लाग." मी शेजारच्या खोलीत कपाटं, खोकी, फळ्या करायचो. रंधा सतत हातात, म्हणून ताईनं मला रंध्या नाव ठेवलं. चाळीस ओलांडली तरी रंध्याच.

त्या खोलीचा एक नियम होता. टाचणी मारायच्या आधी पोट बघायचं. मोठा पतंग मारायच्या औषधाच्या बरणीतून काढला की मेल्यासारखाच दिसतो. पंख पडलेले, पाय आखडलेले. पण पतंग तोंडानं श्वास घेत नाही. त्याच्या दोन्ही कुशींना बारीक छिद्रांची ओळ असते, तिथून घेतो. जिवंत असला तर पोट हलतं, केसाएवढं. ताई भिंग धरायची आणि तीनशेपर्यंत आकडे म्हणायची, मनातल्या मनात. तीनशे आकड्यांत पोट हललं नाही तरच टाचणी. तिच्या हाताखाली जो कोणी शिकला त्याला तिनं पहिल्या दिवशी हेच सांगितलं. "तोंडाकडे बघू नको. तोंड खोटं बोलतं. छिद्रं बघ."

आता कपाटाची गोष्ट. ती तुम्हाला आठवत असणार, कारण त्या दिवशी तुम्ही हसला होता.

मोठ्या दालनात पंखवाल्यांचं काहीतरी नवीन हवं असं तुम्ही सांगितलंत. सगळ्यांनी पक्षी सुचवले. ताई म्हणाली, पाकट आणि पतंग, एका कपाटात शेजारी शेजारी. पाकट म्हणजे तो चपटा मासा, चादर पसरल्यासारखा, मागे चाबकासारखी शेपटी.

तुम्ही म्हणालात, "अहो बाई, मासा आणि किडा? उद्या झुरळ आणि हत्ती मांडाल."

ताई म्हणाली, "मांडेन की साहेब, दोघांनाही पाय आहेत. फक्त कपाट मोठं लागेल, आणि सुतार माझा भाऊच आहे."

सगळी बैठक हसली. तुम्हीही हसलात आणि हसता हसता मंजुरी दिलीत. त्या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. तिला त्या दिवशी घरी येताना मी जेवढं खूश बघितलं तेवढं पुन्हा कधी बघितलं नाही.

पुढचे सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. भांडी घासतानाही पाकट, कपडे वाळत घालतानाही पतंग. माझी बायको म्हणायची, "वन्सं, तुमच्या त्या माशाला आता जेवायलाच बोलवा." ताई लग्न न केलेली, आमच्याच घरात राहायची, आणि आमच्या दोघांत तिसरी नव्हती, पहिली होती. तिनं मला जे सांगितलं ते मला पाठ आहे. दोघांच्याही अंगात एक हाड नाही. पाकट आतून कुर्चेचा, आपल्या कानाच्या पाळीसारखा वाकणारा. पतंगाचा सांगाडा बाहेरून, कवचासारखा. दोघांचेही पंख पक्ष्यासारखे हातापासून झालेले नाहीत. पाकटाचे पंख म्हणजे रुंद झालेले पर, पतंगाचे पंख म्हणजे पाठीतून निघालेले पापुद्रे, वर धुळीसारखे खवले. दोघंही लढण्यापेक्षा लपणं पसंत करणारे. एक वाळूत वाळू होऊन पडतो, दुसरा सालीवर साल होऊन बसतो. पाकटाची मादी पोटात पिल्लं वाढवते, मोजकी चारदोन. पतंगाची मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि त्याच आठवड्यात मरते. ताईनं कोषातून वाढवलेले ते मोठे तपकिरी पतंग तर काही खातच नाहीत. त्यांना खायला तोंडच नसतं. सुरवंट असताना जे पोटात घातलं त्याच्यावर आठ दिवस काढायचे, अंडी घालायची, संपलं.

साहेब, ज्याला तोंडच नाही त्याची लेखी तक्रार तुम्ही कुठल्या फाइलमध्ये शोधता?

आणि सगळ्यात शेवटी ती बोट वर करून सांगायची ते हे. वाळूवर पडलेला पाकट तोंडानं पाणी ओढत नाही. तोंड खाली असतं, ओढलं तर वाळूच जाईल. म्हणून त्याच्या डोळ्यांमागे दोन छिद्रं असतात, वरच्या बाजूला, त्यांतून तो पाणी घेतो. म्हणजे मासा आणि किडा, एक पाण्यात, एक हवेत, काही नातं नाही, पण दोघांनीही श्वासाची वाट तोंड सोडून दुसरीकडे काढली. "बघ रंध्या," ती म्हणायची, "अडचण आली की जीव भोक पाडतो."

तुम्हाला मात्र पाकटाची खालची बाजू आवडली. खाली त्याच्या दोन नाकपुड्या आणि तोंड मिळून हसऱ्या चेहऱ्यासारखं दिसतं. तुम्ही म्हणालात, उताणा लावा, मुलांना मजा येईल.

"ते डोळे नाहीत साहेब, नाकपुड्या आहेत. उताणा टांगला तर तो बघणार कुठून आणि श्वास कुठून घेणार?"

"बाई, तो मेलाय."

"तो मेलाय. बघणारे जिवंत आहेत ना."

तेव्हा तुम्ही विषय सोडलात. तुमच्या मनातून ते गेलं नाही हे मला नंतर कळलं.

मग मागच्या अंगणात तुमचं उपाहारगृह झालं. छत्र्या, टेबलं, झाडांच्या कुंड्या. आमच्या खिडकीपासून वीस पावलांवर. पंधरा दिवसांत कुणीतरी तक्रार केली की कॉफीला औषधाचा वास येतो. त्यांची तक्रार लेखी होती का हो? मला तरी दिसली नाही. पण हुकूम दुपारच्या आत आला. "कार्यशाळेतील वास उपाहारगृहाकडे येणार नाही अशी व्यवस्था तात्काळ करावी. काम: सुतार."

सुतार म्हणजे मी.

हे मला लिहायचं नव्हतं. पण तुम्हाला जाब विचारायचा तर आधी स्वतःचा द्यायला हवा. ती खिडकी मी बंद केली. कुणी बाहेरचा नाही. मी.

आणि कशी बंद केली तेही सांगतो. पतंगांच्या कपाटात हवा शिरली की बारीक किडा शिरतो, आणि किडा शिरला की वर्षभरात पंखांचं पीठ होतं. म्हणून त्या कपाटांच्या दारांना मी दुहेरी खाच करतो, खाचेत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी, वर कड अशी की दार लावताना आतली हवा उसासा टाकल्यासारखी बाहेर येते. आयुष्यभर हेच केलं. हात दुसरं जाणत नाहीत. खिडकीला फळी मारायला सांगितली तर दुसऱ्या कुणी चार खिळे ठोकून काम संपवलं असतं, फटी राहिल्या असत्या, त्या फटींतून माझी बहीण जगली असती. मी फळीला दुहेरी खाच केली. नमदा भरला. आठ स्क्रू पिळले. वर काडी पेटवून विझवली आणि तिचा धूर कडेला धरला. धूर सरळ वर गेला, जराही हलला नाही. मला अभिमान वाटला, साहेब. तेव्हा मला खरंच अभिमान वाटला.

ताई खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, "रंध्या, अरे मलाच कपाटात घातलंस की. आता दोन कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेव म्हणजे झालं."

मी हसलो. शिडीवर उभा राहून मी पोटभर हसलो.

पंख्याचं आधी तोंडी ठरलं होतं, खिडकी गेली की भिंतीत हवा ओढणारा पंखा. तो मागायला ती तुमच्याकडे तीनदा आली. तुमच्या टेबलासमोर उभी राहून बोलली. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात बघू. दुसऱ्यांदा म्हणालात पुढच्या बैठकीत. तिसऱ्यांदा म्हणालात, "लेखी द्या."

ती परत आली आणि स्टुलावर बसली. मी म्हणालो, "मग दे ना लेखी. कागद आणू?"

"लेखी दिलं की चौकशी होणार. साहेब म्हणणार, मी फक्त व्यवस्था करा म्हटलं होतं, हवाबंद करा असं कुठे लिहिलंय? कामाच्या कागदावर नाव कुणाचं आहे, रंध्या?"

"मग मी उद्या फळी ढिली करतो."

"कर. आणि कॉफीला वास आला की पहिली नोटीस कुणाच्या हातात पडेल? घरात शिकणाऱ्या दोन पोरी आहेत तुझ्या. गप्प बस. मला सवय आहे."

मी गप्प बसलो. आठ स्क्रू होते. पेचकस माझ्या खिशात असायचा. रोज त्या फळीखालून जात होतो आणि गप्प बसलो.

चार महिन्यांत तिचा आवाज बदलला. आधी खोकला, मग छातीत शिट्टी. बायकोनं मला स्वयंपाकघरात धरून सांगितलं, "वन्सं जिना चढताना तीनदा थांबतात. मी विचारलं तर म्हणाल्या, पायऱ्या मोजते गं."

मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "काही नाही रे, वय." तोंड खोटं बोलतं हे तिनंच मला शिकवलं होतं, आणि तरी मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिलो.

मग ती चूक झाली. तुमच्या फाइलमधली.

कपाटासाठी तिनं कोषातून एक मादी वाढवली होती. तळहाताहून मोठी, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके, एक खवला सुद्धा गेलेला नाही. बरणीतून काढून संध्याकाळी तिनं ती टाचणी मारून फळीवर पसरली, मीच केलेल्या फळीवर, पंखांवर कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारी काम करत होतो. ती आत गेली आणि तिची हाक आली नाही. रोज आत गेली की ती "रंध्या, चहा," अशी हाक द्यायची. मी रंधा ठेवला आणि गेलो.

ती फळीसमोर उभी होती. पट्ट्या निघालेल्या. डावा पंख फाटून दोरे झालेला. आणि टाचणीभोवती, फळीच्या खाचेत, पांढरी अंडी. ओळीनं घातलेली, साठसत्तर तरी. टाचणी अंगात असताना तिनं ती घातली होती. अजून पोट हलत होतं.

ताई म्हणाली, "मी तीनशे मोजले होते रे."

मी फळीजवळ वाकलो.

"डोळ्यांतून पाणी येत होतं. भिंगात काही दिसेना. मी मधेच पुसले. मला वाटलं, हलत नाहीये." मग थांबून म्हणाली, "का मी मोजलेच नाहीत? डोकं गरगरत होतं. मोजले असतील ना रे?"

एकतीस वर्षांत एकदाही जिवंत जिवात टाचणी न मारलेली बाई, साहेब. तिनं टाचणी काढली, मादीला पुन्हा बरणीत ठेवली आणि बरणीसमोर स्टुलावर बसून राहिली. या वेळी तिनं आकडे मोठ्यानं म्हटले. तीनशेला थांबली नाही. हजाराच्या पुढे मी बाहेर गेलो.

त्याच दिवशी तुमची नोटीस. दुर्मिळ नमुना निष्काळजीपणामुळे खराब झाल्याबद्दल खुलासा करावा. मी तिच्या मागे लागलो. "खिडकीचं लिही. डोळ्यांतून पाणी का येत होतं ते लिही. माझं नाव येऊ दे, येऊ दे एकदाचं!"

तिनं मान हलवली. "पोट मी बघितलं ना? की खिडकीनं बघितलं?" आणि लिहिलं, "चूक माझी आहे. मी नीट बघितलं नाही."

तुम्ही ज्या कागदाला चूक लेखी मान्य केली म्हणता तो हा कागद. त्यातलं अर्धं वाक्य तिनं एका किड्याची माफी मागायला लिहिलं होतं आणि अर्धं मला वाचवायला. तुमच्यासाठी त्यात काहीही नव्हतं.

अंडी तिनं काडेपेटीत कापूस घालून ठेवली. फुटणार नाहीत हे तिला माहीत होतं, मादीला नर भेटलाच नव्हता. तरी रोज सकाळी काडेपेटी उघडून बघायची. मी विचारलं कशाला. म्हणाली, "ठेवलीयेत तर बघायला नको?"

एकोणिसाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, ती कपाटाची ओळखपाटी लिहीत होती. पाकट पाठ वर करून तयार होता, दुसरा पतंग तयार होता, फक्त पाटी राहिली होती. स्टूल पडल्याचा आवाज आला. मी पळालो. ती टेबलाची कड धरून जमिनीवर बसली होती आणि तोंड उघडं होतं, पण आत काही जात नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करतात?" मी सांगितलं. "फॉर्मलिन? रोज? खोलीला खिडकी असेल ना?"

साहेब, त्या बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. शेवटी मी म्हणालो, "होती."

ताईच्या तोंडावर मास्क. मी तोंडाकडे बघितलं नाही. गळ्याखालचा खळगा बघत बसलो, तो दर श्वासाला आत ओढला जायचा. बायको पाय धरून बसली होती. दुपारी खळगा हलायचा थांबला. नर्सनं डोळे बघितले, नाडी बघितली, डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मी तीनशे मोजले. मग पुन्हा पहिल्यापासून तीनशे मोजले. ती असती तर तिनंही एवढं मोजूनच पुढचं काम केलं असतं.

कपाट तुम्ही उघडलंत. मी तिकीट काढून बघायला गेलो, कामगार म्हणून नाही. पाकट उताणा लावलाय. वर छापील पाटी, "हसरा मासा". पतंग शेजारी नाहीच, तो दुसऱ्या मजल्यावर गेला म्हणे. एक आई मुलीला सांगत होती, बघ, तुझ्याकडे बघून हसतोय. मी म्हणालो, बाई, ते डोळे नाहीत. ती मुलीला घेऊन पुढे गेली. माझ्या चेहऱ्याला घाबरली असेल.

ताईची पाटी माझ्याकडे आहे. पेन्सिलनं लिहिलेली, शाईनं गिरवायची राहिलेली. तिच्यात एवढंच आहे:

"पाकट आणि पतंग. दोघांना हाडं नाहीत. दोघंही लपून जगतात. यांच्या तोंडाकडे बघून ते जिवंत आहेत की नाहीत ते कळत नाही. पाकटाच्या डोळ्यांमागे बघा. पतंगाच्या कुशीला बघा. तिथून ते श्वास घेतात."

आज सकाळी मी ती फळी काढली. आठही स्क्रू सहज निघाले, पाच मिनिटं सुद्धा लागली नाहीत. नमदा अजून मऊ आहे. ती फळी तुमच्या टेबलावर ठेवतोय, स्क्रू पाकिटात आहेत, त्यांच्याखाली हा कागद. बंद मी केली, हे वर सहीनिशी लिहिलंय. माझ्यावर जी नोटीस काढायची ती काढा. मी खुलासा देणार नाही, कारण हाच खुलासा आहे.

आता तुमचा द्या. प्रकरण बंद आहे असं पुन्हा लिहू नका. लेखी तक्रार नाही असंही लिहू नका, ही घ्या लेखी तक्रार. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय, तुमच्या हस्ताक्षरात, खाली तारीख घालून.

पाकट डोळ्यांमागून श्वास घेतो, पतंग कुशीतून घेतो. त्या हुकुमावर सही करताना आत बसलेली बाई कुठून घेईल असं तुम्हाला वाटलं होतं?